पूजेत ठेवलेला शब्दकोश

दुर्ग स्टेशनवर आम्ही गाडीच्या फार आधी पोचलो होतो. आमच्या घरात वेळेवर पोचणं म्हणजे उशिराच पोचणं. बाबांना सवय कारखान्याची. शिफ्ट लागायच्या आधी गेटवर उभं राहायचं, नाहीतर ठेकेदार आपल्या जागी दुसऱ्याला आत घेऊन जातो. त्यामुळे दिल्लीला शिकायला निघालेली पोरगीही त्यांनी ड्युटीवर सोडायला आणल्यासारखी आणली. माझी पेटी त्यांच्या डोक्यावर, आईच्या हातात तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा. सोबत देवांगन काकू. भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत त्यांची आणि आमची भिंत एकच होती. शिलाई मशीनवर कापड टाकून त्या तशाच आल्या होत्या आणि सगळ्यांच्या वाटचं रडणं त्यांनी एकटीनं अंगावर घेतलं होतं.

बाबांना मात्र रडायला फुरसत नव्हती. त्यांना एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"वंदे, हे जे तू चिनी शिकून राहिली, त्याच्यानंतर पर्मनंट करतेत ना?"

"बाबा, ते कालेज हाय. तिथं पर्मनंट नाही करत."

"मंग कावून चालली?"

तेवढ्यात गाडी हलली. बाबा गाडीसोबत चालत राहिले, त्यांचे ओठही हलत होते, पण ऐकू काही आलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

तुमच्यापैकी जे भिलाईत राहिलेत त्यांना हे सांगायला नको, पण जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांची मुलं विचारतील, म्हणून सांगते. आमच्या गावात माणसाच्या दोनच जाती होत्या, पर्मनंट आणि ठेका. पर्मनंटला पोलाद कारखान्याच्या सेक्टरमध्ये क्वार्टर, क्वार्टरपुढे जास्वंदीचं झाड, आजारी पडलं तर दवाखाना. ठेक्याला खुर्सीपार. बाबा भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून आले आणि क्रेनच्या खाली साखळ्या बांधायच्या कामाला लागले, ते शेवटपर्यंत ठेक्यावरच. दर वर्षी कोणीतरी सांगायचं की अवंदा नक्की नावं निघतात. दर वर्षी आई सेक्टरमधल्या जास्वंदीची फांदी आणून डब्यात लावून ठेवायची, क्वार्टर मिळालं की तिथं लावायला. शेवटी ते झाड डब्यातच मोठं झालं.

मी दहावीला गणितात उडाले. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. घरी कोणीतरी हवंच होतं, आणि शाळेलाही माझी फारशी आठवण आली असेल असं वाटत नाही. आई उठून बसायला लागल्यावर बाबांनी मला एका गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला लावून दिलं. तिथं कारखान्यात मशीन बसवायला आलेले चिनी फिटर उतरले होते, आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच गावाहून आलेला लुओ नावाचा आचारी होता. सगळे त्याला 'शिफू' म्हणत. आपण मिस्त्री म्हणतो तसं.

लुओ शिफूंना हिंदी येत नव्हती आणि मला चिनी. पण कढई तापलेली असली की माणूस भाषेसाठी थांबत नाही. आण, धू, बारीक कर, जळतंय, मेलो आज! माझं चिनी असं सुरू झालं. शेगडीच्या वर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ब्रशनं चार ओळी लिहून लावल्या होत्या. मी विचारलं, हे काय, भाव लिहून ठेवले का? ते हसले आणि ओल्या ओट्यावर बोटानं एकेक अक्षर काढून त्यांनी हातवाऱ्यांनी समजावलं. नदीत नाव आहे. काठावरची माणसं दोर खांद्यावर घेऊन ती नाव ओढतायत. समोर घर दिसतंय, पण पाणी उलटं वाहतंय. त्यांच्या आजोबांचं काम होतं ते.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग आमच्यासारखेच ते. साखळी ओढून राहिले."

माझ्या सगळ्या संशोधनाचा सारांश हाच आहे. पुढं मी त्यावर जाडजूड प्रबंध लिहिला, परीक्षकांनी वाखाणला, पण बाबांच्या त्या वाक्याच्या पुढं मी फार काही गेले असं नाही.

आणखी एक गोष्ट शिफूंनी शिकवली. त्यांच्याकडे कायमच्या नोकरीला 'लोखंडाचा वाडगा' म्हणतात. पडला तरी फुटत नाही, जन्मभर भात मिळतो. हेही मी बाबांना सांगितलं. बाबा विचारात पडले. "लोखंडाचा? गंजून जाईन ना. स्टीलचा पायजे."

फिटरांसोबत एक दुभाषी ताई यायची. तिनं एकदा मला शिफूंशी भांडताना ऐकलं आणि सांगितलं की दिल्लीत या भाषेची डिग्री मिळते, फक्त बारावी पाहिजे. मग मुक्त शाळेतून दहावी, बारावी. गणित तिथं घ्यावं लागलं नाही, याबद्दल मी देशाची अजून आभारी आहे. आणि मग ते दुर्ग स्टेशन.

दिल्लीत पहिल्या दिवशी वर्गात सगळ्या पोरी शाळेत शिकलेलं मऊ मऊ चिनी बोलत होत्या. माझी पाळी आली. मॅडमनी विचारलं, "वही आणलीस का?" मी चिनीत उत्तर दिलं ते आचाऱ्याच्या सुरात, कमरेवर हात ठेवून. मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता दहावीची मार्कलिस्ट मागतात आणि घरी पाठवतात. ही भीती मला अजून आहे. आजही कोणी "जरा ऑफिसात या" म्हटलं की मला गणिताचाच पेपर दिसतो.

"तू हे कुठं शिकलीस?" मॅडमनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"बरं आहे. बाकीच्यांना पुस्तकातून स्वयंपाकघरात जायला दहा वर्षं लागतील. तू फक्त कमरेवरचा हात काढ."

मॅडम आज नाहीत. त्यांनी मला वर्गातून हाकललं नाही, उलट आपल्या घरी बसवून जुन्या कविता वाचायला शिकवल्या. कमरेवरचा हात मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही.

पुढं शिष्यवृत्तीवर चीनला गेले. दोर ओढणाऱ्यांच्या गाण्यांवर काम करायचं, म्हणून शिफूंच्याच गावाजवळचं विद्यापीठ निवडलं. मनात डोंगर, धुकं, नदी, बांबूची बनं. पहाटे पोचले. झोपेतून उठले ती भोंग्यानं. खिडकी उघडली तर समोर धुरांडी, दोरीवरच्या कपड्यांवर लाल धूळ, हेल्मेट घातलेली माणसं सायकलीवरून गेटकडे चाललेली, आणि एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा. पोलादाचं गाव! एवढा समुद्र, एवढे डोंगर ओलांडून मी शेवटी भिलाईलाच उतरले होते. घरी फोन केला तर आईनं विचारलं, "कसं हाय वो तिथं?" मी म्हटलं, "आई, सेक्टर हायेत." आईला इतकं बरं वाटलं की पुढची दोन वर्षं तिनं माझी काळजीच केली नाही.

सुट्टीत खुर्सीपारला आले की आमच्या दारात रांग लागायची. मोबाईल, खेळण्यातली मोटार, टॉर्च, इन्व्हर्टर. वस्तूच्या पाठीवर चीनचं नाव असलं की ती माझ्या खात्यात.

"पाय बरं वंदे, हे चालून नाही राहिलं."

"काकाजी, मी कविता वाचते."

"हाव, वाच ना. पहिले हे वाच, कोणतं बटन दाबाचं ते."

आता खरं सांगायचं तर हजार वर्षांपूर्वीच्या नावाड्याचं दुःख मला वाचता येतं, मिक्सरच्या कागदावरचं येत नाही. तिथले शब्दच वेगळे. मी तो कागद उलटासुलटा करायचे आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, बंद करून पुन्हा सुरू करा. निम्म्या वस्तू तेवढ्यानं चालायच्या. गल्लीत माझं नाव झालं ते यामुळे. डॉक्टरेटमुळे कोणी ओळखत नाही.

नोकरी मिळाली ती बंगालच्या उत्तरेला, चहाच्या मळ्यांच्या पायथ्याशी. पण ती पाहुण्या शिक्षिकेची. दर उन्हाळ्यात करार संपायचा आणि पावसाळ्यात, विद्यापीठाला आठवलं तर, नवा व्हायचा. बाबांना मी 'गेस्ट टीचर' असं सांगितलं होतं. त्यांनी लगेच ओळखलं. "म्हंजे ठेक्यावर." त्यानंतर दर रविवारी फोन.

"झाली का पर्मनंट?"

"नाही बाबा."

"हप्त्याले किती घंटे शिकवतं?"

मी सांगायचे.

"एवढेच? मंग बाकीच्या टायमाले काय करतं?"

"वाचते."

मग हळूच, आजूबाजूला कोणी ऐकू नये अशा आवाजात: "वाचाचे पैसे देतेत? कोणाले सांगू नोको हे."

कायमच्या जागेसाठी मी दोनदा मुलाखत दिली. दोन्ही वेळा आधी घरी सांगितलं आणि दोन्ही वेळा बाबांनी निकालाच्या आत गल्लीत पेढे वाटले. दोन्ही वेळा दुसऱ्याची निवड झाली. दुसऱ्या खेपेनंतर मी घरी आले तेव्हा बाबा सकाळचे फिरायला मागच्या गल्लीनं जात होते. का, ते मी विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं, तिसऱ्यांदा निकाल लागेपर्यंत घरात कोणालाच सांगायचं नाही. हेही मला पक्कं माहीत होतं की ही जागा आता पुन्हा निघणार नाही. ह्यात नाही झालं तर गाशा गुंडाळायचा.

तिसरी मुलाखत संगणकावरून व्हायची होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी रजा काढून भिलाईला आले होते. मला वाटलं, उत्तमच झालं. मागच्या खोलीचं दार लावून बसू, कोणाला कळणार नाही. फक्त एक गोष्ट मी विसरले. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती.

भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे हत्यारांची दिवाळी. लेथ मशीनला हार, ट्रकला केळीचे खांब, पंक्चरवाल्याच्या पंपालाही कुंकू. त्या दिवशी हत्यार पूजेला बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. बाबा आमच्या घरी आपला पाना, हातोडा आणि पिवळं हेल्मेट मांडायचे. "आजच्या दिवशी ज्यानं हत्यार उचललं त्याचं वर्ष खराब जाते," हे मी लहानपणापासून ऐकत आले.

मी न्हाऊन बाहेर आले. समोरच्या खोलीत पाट. पाटावर लाल कापड. त्यावर माझा लॅपटॉप, माझा जाडा चिनी शब्दकोश, लिहायचा ब्रश आणि माझा मोबाईल. सगळं एकत्र मौलीनं, म्हणजे पूजेच्या लाल धाग्यानं गुंडाळून पक्की गाठ मारलेली. साखळ्या बांधणाऱ्या माणसानं मारलेली गाठ. वर झेंडूचा हार, लॅपटॉपच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक, बाजूला तेवता दिवा.

"माहे पाने-हातोडे बुढे झाले," बाबा म्हणाले. नवीन सदरा घातला होता. "अवंदा तुह्या हत्याराची पूजा केली. मोबाईलवर बी शिकवतं ना? मंग तो बी ठेवला."

मुलाखत दुपारी होती. गल्लीतली माणसं एकेक करून येऊन नमस्कार करून जात होती आणि बाबा प्रत्येकाला सांगत होते, "हे माह्या पोरीचं हत्यार." इतक्या वर्षांत मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मी आईला कोपऱ्यात घेतलं. ऑपरेशनमुळे तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. सगळं ऐकल्यावर ती चष्म्याआडून म्हणाली, "मंग सांग ना तेयले."

"तूच सांग."

"मले तं काही दिसून नाही राहिलं बाई," असं म्हणून ती तरातरा, एकही ठेच न लागता, देवांगन काकूंकडे गेली.

काकूंची शिलाई मशीन पूजेत होती, पण मोबाईल मोकळा होता. "ए हर औजार नोहे बेटी," त्या छत्तीसगढीत म्हणाल्या, "ए तो टाइमपास ए." मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. टिपणं नाहीत, तयार केलेली चित्रं नाहीत, कोश नाही. बाहेर मंडपातला भोंगा जोरात. मी लिंक उघडली आणि पाच विद्वान माणसांच्या समोर पडद्यावर माझं नाव झळकलं: देवांगन टेलर्स, लेडीज स्पेशल.

अध्यक्ष बंगाली होते. त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. मग हिंदीत म्हणाले, "आप ही कैंडिडेट है?"

"जी सर."

"अपना प्रेजेंटेशन दिखाइए."

आता काय सांगायचं? खोटं सुचेना. सुचलं असतं तरी त्या भोंग्यात ऐकू गेलं नसतं. मी ओरडून सांगितलं, "सर, वो पूजा में बैठा है."

कोणी हसलं नाही. मला आतल्या आत गणिताचा पेपर दिसला. मग अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "हमारा गाड़ी भी पूजा में है. ड्राइवर ने चाबी नहीं दिया. हम आज रिक्शा में आया. आप बोलिए, बिना प्रेजेंटेशन के बोलिए."

मी बोलले. समितीत एक वयस्कर जाणकार होते, ते चिनीतून विचारायला लागले. मी उत्तर देत गेले, हात कमरेवर केव्हा गेला कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, "ज्या दोर ओढणाऱ्यांबद्दल लिहिलंत, त्यांची हाक म्हणून दाखवाल?"

मी घसा साफ करतेय तोच माझ्या कानाजवळून एक ताटली पुढं आली. नारळ, केळं, साखरफुटाणे. बाबा. काकूंना प्रसाद द्यायला आले होते, आणि मोबाईलवर पाच माणसं बसलेली दिसली. पाहुणे म्हटल्यावर प्रसाद आलाच. त्यांनी ताटली पडद्यासमोर धरली. "लो साहब, परसाद."

काकू त्यांचा सदरा ओढत कुजबुजल्या, "इंटरभ्यू चलत हे भइया!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डब्याला टेकवलेल्या मोबाईलकडे पाहिलं. आपण काय बांधून ठेवलं आहे ते त्यांना समजलं. ताटली तशीच ओट्यावर ठेवून ते वळले, आणि गुडघ्याचं दुखणं असलेला तो माणूस पळत सुटला.

मी हाक म्हटली. काय करणार, विचारलं होतं. शिफू भांडी घासताना म्हणायचे तशी, पोटातून. दुसरी ओळ चालू होती आणि दारात बाबा. दोन्ही हातांवर अख्खा पाट. लॅपटॉप, कोश, ब्रश, मोबाईल, हार, सगळं जसंच्या तसं, गाठ न सुटलेलं. मागून काळा चष्मा लावलेली आई, पदरानं दिवा सांभाळत. जन्मात पूजेच्या दिवशी पान्याला बोट न लावलेल्या माणसानं हत्यार उचलून आणलं होतं.

"घे," बाबा धापा टाकत म्हणाले, "सुटून नाही राहिली गाठ. अशीच घे."

पडद्यावर अध्यक्ष उभे राहिले. तेवता दिवा समोर आल्यावर दुसरं काय करतील? त्यांनी हात जोडले. त्यांचं पाहून बाकीचे चौघं उठले आणि त्यांनीही हात जोडले. निवड समितीनं लॅपटॉपला उभं राहून नमस्कार केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि त्याच क्षणी काकूंचा डेटा संपला.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा बोलेनात. रोज सकाळी मंडपाच्या मोकळ्या जागेवर जाऊन उभे राहायचे. मूर्तीचं विसर्जन कधीच झालं होतं, तिथं फक्त बांबूचे खड्डे. आई म्हणाली, "खड्ड्याले काय माफी मांगून राहिले?" एका दुपारी ते मला म्हणाले, "वंदे, अवंदा नाही झालं तं तुह्या शिक्षणानं नाही झालं असं समजू नोको. माह्या हातानं नाही झालं. मी उचललं." मी त्यांना खूप समजावलं, पण त्यांच्या कारखान्यात चूक कोणाच्या तरी हातून झालेली असायलाच लागते.

मी बंगालला परत गेले. फोन आला तेव्हा पाऊस पडत होता आणि मला ऑफिसात बोलावलं होतं. गणिताचा पेपर घेऊनच मी जिना चढले. उतरल्यावर पहिला फोन बाबांना.

"बाबा, झालं."

"काय झालं?"

"पर्मनंट."

"क्वार्टर?"

"देतेत."

"नळाले पाणी येते?"

"येते."

"मंग त्यानं माफ केलं मले." आणि फोन आईच्या हातात गेला. आई म्हणाली, "जास्वंदीची फांदी कुरिअरनं येते का वो?"

कुरिअरनं आली, पण फांदी नव्हे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा वाडगा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसं दुकानात बसून बाबांनी त्यावर नाव घालून घेतलं होतं. आणि तेही चिनीत. दुकानदाराला ती अक्षरं कशी घालायची ते कळेना, म्हणून बाबांनी आपल्या मोबाईलवरचा फोटो दाखवला, पूजेच्या दिवशी काढलेला. त्यात शब्दकोशाच्या मुखपृष्ठावर कुंकवाच्या ठिपक्याखाली मोठी ठळक अक्षरं होती. पोरीच्या पुस्तकावर एवढ्या मोठ्यानं लिहिलंय म्हणजे पोरीचंच नाव, असं त्यांनी धरलं. शाळेच्या वहीवर आपण लिहीत नाही का? दुकानदारानं टिंब टिंब ठोकून अक्षर न् अक्षर बरोबर काढलं. वाडग्याच्या कडेला लिहिलं आहे, 'बृहद् चिनी शब्दकोश, सुधारित आवृत्ती'.

बाबांनी फोन करून विचारलं, "नाव बराबर हाय ना?"

"एकदम बराबर," मी म्हटलं.

त्याला आता काही वर्षं झाली. क्वार्टरपुढे जास्वंद आहे. आईनं ती शेवटी स्वतः रेल्वेनं आणली, मांडीवर धरून, आणि टीसीला सांगितलं की हिचं तिकीट लागत नाही. मला इथं करमतं. चहाच्या मळ्यातून धुकं उतरतं, बाजारात मी बंगाली बोलते, वर्गात चिनी, आणि एकटी असताना कपाळावर हात मारून 'अवो माय' म्हणते. भिलाईला गेले की लोक इन्व्हर्टर घेऊन येतात. निघताना बाबा अजून गाडीच्या फार आधी स्टेशनवर नेतात.

रोज मी त्या वाडग्यात वरणभात जेवते. कधी विद्यार्थी जेवायला येतात. त्यांना आता अक्षरं वाचता येतात, मीच शिकवली आहेत. परवा एकीनं वाडगा हातात घेतला, फिरवून फिरवून वाचला आणि हसू दाबत म्हणाली, "मॅडम, ह्याच्यावर असं काय लिहिलंय?"

मी तिच्या हातातून वाडगा घेतला आणि पदरानं पुसला.

"नाव आहे माझं," मी म्हटलं. "बाबांनी घातलंय."